न्यूमोनिया, स्टेरॉइड आणि रक्तातील साखर: रुग्णालयातले आकडे कसे वाचावेत

न्यूमोनियासाठी दाखल केलेल्या रुग्णाच्या तक्त्यावर साखर १७० लिहिलेली दिसली की घरची मंडळी अस्वस्थ होतात, कारण घरी उपाशीपोटीची साखर १३० आली तरी त्याच माणसाला डॉक्टरांनी बोलणी लावलेली असतात. रुग्णालयातले डॉक्टर मात्र हा आकडा पाहून समाधानाने पुढच्या खाटेकडे वळतात. दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर असतात. छातीत संसर्ग होऊन दाखल झालेल्या रुग्णासाठी साखरेचे उद्दिष्ट घरच्यापेक्षा मुद्दामच सैल ठेवलेले असते. ते किती सैल असावे यावर गेल्या पंचवीस वर्षांत मोठा वाद झाला, हजारो रुग्णांवर चाचण्या झाल्या, आणि त्यातून आजची मर्यादा ठरली. ती समजून घ्यायची तर आजारपणात साखर वाढते कशी, वाढल्यावर फुप्फुसात काय घडते आणि ती घाईने उतरवल्यास काय बिघडते, हे तिन्ही पाहावे लागते. या लेखातले साखरेचे सर्व आकडे आपल्याकडे रिपोर्टवर असतात तसे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये आहेत.

न खाताही साखर का वाढते

'पेशंटने दोन दिवस धड काही खाल्लेले नाही, मग साखर तीनशे कशी?' हा प्रश्न वॉर्डात रोज विचारला जातो. रक्तातील साखर फक्त ताटातून येते असे आपण गृहीत धरतो, पण यकृत स्वतःच साखरेचे कोठार आणि कारखाना दोन्ही असते. जंतुसंसर्ग झाला की शरीर त्याला संकट मानते आणि कॉर्टिसॉल, अ‍ॅड्रेनालिन, ग्लुकॅगॉन अशी संप्रेरके रक्तात सोडते. ही संप्रेरके यकृताला साठवलेली साखर मोकळी करायला आणि स्नायूंतील प्रथिनांपासून नवी साखर तयार करायला लावतात. त्याच वेळी प्रतिकारशक्तीच्या पेशींनी सोडलेल्या दाहकारक रसायनांमुळे स्नायू आणि चरबीच्या पेशी इन्सुलिनला पूर्वीसारखा प्रतिसाद देत नाहीत, त्यामुळे रक्तात आलेली साखर तिथेच साचून राहते. मेंदू आणि जंतूंशी लढणाऱ्या पेशी यांना भरपूर इंधन मिळावे म्हणून शरीराने केलेली ही सोय आहे, आणि थोड्या प्रमाणात ती उपयोगीही असते.

साखर साधारण १८०च्या वर गेली की ती लघवीतून बाहेर पडू लागते आणि जाताना सोबत पाणी घेऊन जाते. तापामुळे आणि जलद श्वासामुळे रुग्णाच्या शरीरातले पाणी आधीच कमी झालेले असते. त्यात ही भर पडली की रक्त घट्ट होते, मूत्रपिंडे सुस्तावतात आणि साखर आणखी चढते. दाखल होताना ४०० असलेली साखर पहिल्या काही तासांत केवळ सलाईनने बरीच खाली आलेली दिसते, त्याचे कारण हेच.

साखर वाढलेल्या अशा रुग्णांमध्ये तीन प्रकारची माणसे असतात. काहींना मधुमेह असल्याचे आधीच माहीत असते. काहींना तो कित्येक वर्षे असतो, पण कधी तपासलेला नसतो आणि न्यूमोनियाच्या निमित्ताने तो पहिल्यांदा कागदावर येतो. उरलेल्यांना मधुमेह मुळी नसतोच, आजाराच्या ताणामुळे त्यांची साखर तात्पुरती वाढलेली असते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आणि १३ कोटी ६० लाख लोकांना मधुमेहपूर्व अवस्था असल्याचा अंदाज होता, आणि मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण, २६.४ टक्के, गोव्यात आढळले होते. म्हणजे आपल्याकडच्या वॉर्डात दुसऱ्या प्रकारचे रुग्ण वरचेवर भेटणार हे उघड आहे.

या तिघांना वेगळे करणारी तपासणी म्हणजे एचबीए१सी, मागच्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा हिशेब. तो ६.५ टक्के किंवा त्याहून अधिक असेल तर मधुमेह आधीपासूनचा आहे असे समजतात. मात्र नुकतेच रक्त चढवले असेल किंवा रुग्णाला ठळक रक्तक्षय असेल तर हा आकडा फसवा येऊ शकतो.

माझ्या मते नातेवाइकांनी दाखल साखरेपेक्षा, म्हणजे दाखल होताना मोजलेल्या साखरेपेक्षा, एचबीए१सीकडे अधिक लक्ष द्यावे, कारण त्यावरून दाखल साखरेचा अर्थच बदलतो. एचबीए१सी १० असणे म्हणजे गेले काही महिने सरासरी साखर २४०च्या आसपास असणे. अशा माणसाची दाखल साखर २५० असेल तर ती त्याच्या रोजच्याच पातळीवर आहे. एचबीए१सी ६ असलेल्या माणसाची सरासरी मात्र १२५च्या आसपास असते. त्याची साखर एकाएकी २५० झाली असेल तर आजाराने शरीराला फार मोठा धक्का दिलेला आहे, आणि डॉक्टर त्याच्याकडे अधिक काळजीने पाहतात. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडमधल्या न्यूमोनियाच्या ६,८९१ रुग्णांचा एक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना मधुमेह असल्याची नोंद नव्हती अशा रुग्णांतही दाखल होताना साखर जितकी जास्त, तितका पुढच्या ९० दिवसांत मृत्यूचा धोका अधिक, असे त्यात आढळले. साखर वाढली म्हणून हे रुग्ण दगावले की आजारच तीव्र असल्याने साखरही वाढली आणि जीवही गेला, हे अशा अभ्यासातून पूर्णपणे वेगळे करता येत नाही. धोक्याची खूण म्हणून मात्र हा आकडा विश्वासार्ह आहे.

फुप्फुसात साखरेचे काय काम

रक्तातील पांढऱ्या पेशींपैकी न्यूट्रोफिल जातीच्या पेशी जंतूंपर्यंत पोहोचून त्यांना गिळतात आणि मारतात. साखर बराच काळ वाढलेली राहिली तर ही तिन्ही कामे मंदावतात. दुसरी गोष्ट कमी लोकांना ठाऊक असते. श्वासनलिकांच्या आतल्या बाजूला द्रवाचा एक पातळ थर असतो, आणि निरोगी माणसात त्यातील साखर रक्तातल्या साखरेच्या सुमारे दहाव्या भागाइतकीच ठेवलेली असते. जंतूंना खाद्य मिळू नये अशी ही व्यवस्था आहे. रक्तातील साखर वाढली आणि त्याच वेळी दाहामुळे श्वासनलिकेचे अस्तर सच्छिद्र झाले की या थरात साखर झिरपते, आणि स्टॅफिलोकोकस किंवा स्यूडोमोनास यांसारख्या रुग्णालयात हमखास आढळणाऱ्या जंतूंना वाढायला अनुकूल जागा मिळते. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला पहिला न्यूमोनिया बरा होत असताना दुसरा संसर्ग होण्याची भीती असते, तिचा हाही एक धागा आहे.

स्टेरॉइड

श्वसनसंसर्गाच्या रुग्णाची साखर बिघडवण्यात स्टेरॉइडइतका मोठा वाटा क्वचितच दुसऱ्या औषधाचा असेल, आणि तरीही ते टाळता येत नाही. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या नेतृत्वाखाली ब्रिटनमध्ये झालेल्या रिकव्हरी चाचणीचे निष्कर्ष जून २०२० मध्ये जाहीर झाले. त्यांनुसार कोविडमुळे व्हेंटिलेटरवर असलेल्या रुग्णांना रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन जास्तीत जास्त दहा दिवस दिल्याने २८ दिवसांतील मृत्यूचे प्रमाण ४१.४ टक्क्यांवरून २९.३ टक्क्यांवर आले. ऑक्सिजनची गरज नसलेल्यांना मात्र त्याचा काहीही लाभ झाला नाही. कोविडखेरीज इतर तीव्र न्यूमोनियाबाबतही २०२३ मध्ये फ्रान्समधील एका चाचणीत अतिदक्षता विभागातल्या रुग्णांना रोज २०० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन दिल्यावर मृत्यूचे प्रमाण ११.९ टक्क्यांऐवजी ६.२ टक्के राहिले. त्याच चाचणीत इन्सुलिनवर असलेल्या रुग्णांना स्टेरॉइडच्या गटात पहिल्या आठवड्यात अधिक इन्सुलिन लागले, हेही नोंदले गेले. दम्याचा किंवा सीओपीडीचा (श्वासनलिका अरुंद होण्याच्या जुनाट आजाराचा) जोर वाढून दाखल झालेल्यांना तर प्रेडनिसोलोन किंवा तत्सम औषध जवळपास नेहमीच दिले जाते.

स्टेरॉइडमुळे साखर दिवसभर सारखी वाढत नाही, आणि इथेच पुष्कळदा चूक होते. प्रेडनिसोलोनची गोळी सकाळी घेतली तर तिचा परिणाम दुपारपासून संध्याकाळपर्यंत सर्वाधिक असतो आणि रात्री ओसरतो. त्यामुळे सकाळी उपाशीपोटीची साखर ११० आणि रात्रीच्या जेवणाआधीची ३२० असे चित्र दिसते. फक्त सकाळची साखर तपासली तर सगळे आलबेल वाटते. उलट संध्याकाळचा आकडा पाहून रात्री इन्सुलिन वाढवले तर पहाटे साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. म्हणून अशा रुग्णाला सकाळच्या गोळीबरोबरच एनपीएच हे मध्यम कालावधीचे इन्सुलिन देण्याची पद्धत आहे, कारण दोघांचा चढउतार साधारण जुळतो. डेक्सामेथासोनचा परिणाम मात्र दीड दिवसाहून अधिक टिकतो, म्हणून त्यावर असलेल्या रुग्णाची उपाशीपोटीची साखरही चढलेली राहू शकते.

साखर आणि स्टेरॉइड यांच्या या जोडीकडे दुर्लक्ष झाल्यास काय होते, ते महाराष्ट्राने २०२१च्या उन्हाळ्यात पाहिले. कोविडच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिसचे, म्हणजे लोकांच्या तोंडी 'काळी बुरशी' झालेल्या आजाराचे, रुग्ण राज्यभर सापडू लागले, आणि मे २०२१ मध्ये केंद्र सरकारने राज्यांना हा आजार साथरोग कायद्याखाली अधिसूचित करायला सांगितले. या बुरशीचे कण हवेत आणि मातीत एरवीही असतातच. अनियंत्रित मधुमेहात, विशेषतः रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होणारी आम्लधर्मी रसायने) वाढून आम्लता आली की, प्रथिनांशी बांधलेले लोह मोकळे होते. हे लोह बुरशीच्या वाढीला हवेच असते, आणि स्टेरॉइडने प्रतिकारशक्ती आधीच दाबलेली असते. त्या काळात ऑक्सिजनची गरज नसताना, आजाराच्या पहिल्याच दिवसांत आणि ठरलेल्या मात्रेहून अधिक स्टेरॉइड घेतलेले रुग्ण कमी नव्हते, आणि घरी साखर तपासायला बहुतेकांना कोणी सांगितलेले नव्हते. चेहऱ्याच्या एका बाजूला सूज किंवा बधिरपणा, नाकातून काळपट स्राव, टाळूवर काळा डाग, दात अचानक हलू लागणे, एक वस्तू दोन दिसणे, यांपैकी काहीही स्टेरॉइड घेतलेल्या मधुमेही माणसात दिसले तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

किती उतरवायची

साखर वाढणे इतके वाईट असेल तर ती थेट निरोगी माणसाइतकी का आणू नये? हा प्रश्न रास्त आहे आणि बेल्जियममधल्या लूवेन येथील डॉ. ग्रीट व्हॅन डेन बर्ग यांनी तो खरोखर तपासून पाहिला. शस्त्रक्रियेनंतर अतिदक्षता विभागात असलेल्या १,५४८ रुग्णांपैकी एका गटाची साखर त्यांनी इन्सुलिनच्या साहाय्याने ८० ते ११० दरम्यान ठेवली. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत या गटातील अतिदक्षता विभागातले मृत्यू ८ टक्क्यांवरून ४.६ टक्क्यांवर आल्याचे दिसले, आणि जगभरच्या रुग्णालयांनी साखर आवळायला सुरुवात केली. पुढे याच संशोधकांनी शस्त्रक्रिया न झालेल्या, म्हणजे न्यूमोनियासारख्या आजारांच्या १,२०० रुग्णांवर तीच पद्धत वापरली तेव्हा एकूण मृत्यू कमी झाले नाहीत, पण तोवर उत्साह बराच पुढे गेला होता.

तो २००९ मध्ये ओसरला. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि कॅनडा येथील डॉक्टरांच्या पुढाकाराने अतिदक्षता विभागातल्या सहा हजारांवर रुग्णांवर नाइस-शुगर नावाची चाचणी झाली. एका गटाची साखर ८१ ते १०८ दरम्यान ठेवायची, दुसऱ्या गटाची फक्त १८०च्या आत ठेवायची, अशी विभागणी होती. ९० दिवसांनी कडक नियंत्रणाच्या गटातील २७.५ टक्के रुग्ण मरण पावले होते आणि सैल नियंत्रणाच्या गटातील २४.९ टक्के. साखर ४० किंवा त्याखाली जाण्याचे प्रमाण कडक गटात ६.८ टक्के, तर दुसऱ्यात केवळ ०.५ टक्के होते. साखर अधिक 'चांगली' असलेल्या गटात माणसे अधिक दगावली, हे पचवणे त्या वेळी अनेकांना जड गेले. पुढे २०२३ मध्ये लूवेनच्याच संशोधकांनी ९,२३० रुग्णांवर, इन्सुलिनच्या मात्रेसाठी संगणकीय प्रणालीची मदत घेऊन, कडक नियंत्रण पुन्हा तपासले. या वेळी साखर फार उतरण्याचे प्रकार कमी झाले आणि अपाय दिसला नाही, मात्र अतिदक्षता विभागातला मुक्कामही कमी झाला नाही आणि मृत्यूही कमी झाले नाहीत.

आज सर्वसाधारणपणे मान्य असलेला नियम असा आहे की साखर १८० किंवा त्याहून वर टिकून राहिली तर इन्सुलिन सुरू करावे आणि बहुतेक रुग्णांत ती १४० ते १८० दरम्यान ठेवावी. साध्या वॉर्डात असलेला, नीट जेवणारा रुग्ण साखर न कोसळता १००-१२०पर्यंत राहत असेल तर त्याला मुद्दाम वर आणण्याची गरज नसते. दुसरीकडे वयोवृद्ध, मूत्रपिंडे निकामी झालेल्या किंवा अखेरच्या आजारातल्या माणसाची साखर दोनशेच्या थोडी वर राहिली तरी डॉक्टर ती चालू देतात. यात मला कसलीही तडजोड दिसत नाही. इतक्या रुग्णांच्या अनुभवातून मिळालेले हे शहाणपण आहे.

साखर ७०च्या खाली जाणे म्हणजे हायपोग्लायसेमिया, आणि ५४च्या खाली गेली तर तो गंभीर मानतात. घरी असे झाले की घाम येतो, हात थरथरतात, भूक लागते आणि माणूस स्वतः सांगतो. न्यूमोनियाच्या रुग्णाला घाम तापानेही येतो, धडधड संसर्गाने आणि वाफेच्या औषधानेही होते, आणि गोंधळलेपणाचा दोष ऑक्सिजन कमी पडल्याला दिला जातो. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर गटातली गोळी चालू असेल तर थरथर आणि धडधड झाकली जाते; गुंगीच्या औषधाखाली व्हेंटिलेटरवर असलेला माणूस तर काहीच सांगू शकत नाही. म्हणून अशा रुग्णाच्या वागण्यात अचानक फरक पडला तर आधी बोटाच्या थेंबावर साखर पाहावी. शुद्धीवर असलेल्या आणि गिळू शकणाऱ्या रुग्णाला तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात विरघळवून देतात आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासतात. ज्याला गिळता येत नाही, ज्याची शुद्ध हरपत आहे किंवा ज्याच्या तोंडावर बायपॅपचा (दाबाने हवा देणाऱ्या यंत्राचा) मास्क आहे त्याला नातेवाइकांनी तोंडाने काहीही पाजू नये, कारण ते पाणी श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया आणखी वाढेल. त्याला ग्लुकोज शिरेतूनच द्यावे लागते.

गोळ्या बंद, इन्सुलिन सुरू

घरी वर्षानुवर्षे चालू असलेल्या मधुमेहाच्या गोळ्या दाखल झाल्यावर बहुधा थांबवतात, आणि प्रत्येकीचे कारण निराळे असते. ऑक्सिजन कमी पडत असेल, मूत्रपिंडांचे काम घटले असेल किंवा रक्तदाब उतरला असेल तर मेटफॉर्मिनमुळे रक्तात लॅक्टिक आम्ल साचण्याचा धोका असतो. ग्लिमेपिराइड आणि ग्लिक्लाझाइड या गोळ्या रुग्ण जेवला काय आणि न जेवला काय, इन्सुलिन बाहेर काढत राहतात, त्यामुळे भूक मेलेल्या रुग्णाची साखर त्यांनी कोसळते. डॅपाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन या लघवीवाटे साखर बाहेर काढणाऱ्या गोळ्या हृदय आणि मूत्रपिंडासाठी हितकारक आहेत, पण तीव्र आजारात आणि उपासमारीत त्यांच्यामुळे रक्तात कीटोन वाढून आम्लता येऊ शकते, आणि तीही साखर अडीचशेच्या आत असताना.

या आम्लतेबद्दल थोडे थांबून सांगायला हवे, कारण ती न्यूमोनियाचे सोंग घेते. रक्त आम्लधर्मी झाले की शरीर खोल आणि जलद श्वास घेऊन कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकू पाहते, आणि बघणाऱ्याला माणसाला दम लागला आहे असेच वाटते. न्यूमोनिया आणि कीटोनची आम्लता एकाच वेळी असू शकतात, किंबहुना पहिल्याने दुसरीला चालना दिलेली असते. दम फार आहे पण बोटावरच्या यंत्रात ऑक्सिजन ९७ दाखवतो, छातीच्या फोटोत त्या मानाने फारसे काही नाही, उलट्या आणि पोटदुखी आहे, अशा वेळी साखर कितीही असो, कीटोन आणि रक्तातील आम्लता तपासणे आवश्यक ठरते. रुग्ण कोणत्या गोळ्या घेत होता हे डॉक्टरांना नेमके कळावे म्हणून दाखल करताना गोळ्यांची पाकिटेच सोबत न्यावीत. 'शुगरची एक पांढरी गोळी' या वर्णनाने काहीच उलगडत नाही.

इन्सुलिनची मात्रा दोन रीतींनी ठरवता येते. पुष्कळ ठिकाणी अजूनही फक्त 'स्लायडिंग स्केल' वापरतात: दर सहा तासांनी साखर पाहायची आणि आकड्याप्रमाणे चार, सहा, आठ युनिट टोचायचे. साखर वाढण्याची वाट पाहून मग उपाय करण्याची ही पद्धत तहान लागल्यावर विहीर खणण्यासारखी आहे. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत या पद्धतीने ३८ टक्के रुग्णांची साखर १४०च्या खाली आली. दिवसभर पुरणारे एक पायाभूत इन्सुलिन आणि प्रत्येक जेवणाआधी थोडे जलद इन्सुलिन या पद्धतीने मात्र ६६ टक्के रुग्णांची आली. सुरुवातीची एकूण मात्रा वजनावरून ठरते, साधारण किलोमागे ०.२ ते ०.५ युनिट. साठ किलोच्या माणसाला त्या हिशेबाने दिवसाला १२ ते ३० युनिट लागतील, त्यांतले निम्मे पायाभूत आणि निम्मे तीन जेवणांत विभागलेले. वृद्ध आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांना खालच्या टोकापासून सुरुवात करतात. अतिदक्षता विभागात, रक्तदाब कमी असताना, त्वचेखाली टोचलेले इन्सुलिन कधी आणि किती शोषले जाईल याचा भरवसा नसतो. तिथे साधे इन्सुलिन सलाईनमध्ये मिसळून सिरिंज पंपाने शिरेतून देतात आणि दर एक-दोन तासांनी साखर पाहून वेग बदलतात.

इन्सुलिन एकदा सुरू झाले की जन्माचे मागे लागते, ही समजूत आपल्याकडे फार घट्ट आहे, आणि तिच्यापायी रुग्णालयातही इन्सुलिनला नकार देणारे भेटतात. आजारपणातले इन्सुलिन हे त्या आजारपणापुरते असते. आधी गोळ्यांवर नियंत्रणात असलेल्या बहुतेकांना ते पुढे थांबवता येते.

इन्सुलिनबरोबर रक्तातील पोटॅशियमवर लक्ष ठेवावे लागते. इन्सुलिन पोटॅशियमला पेशींच्या आत ढकलते, दम कमी करण्यासाठी वाफेतून दिलेले साल्ब्युटामॉल तेच करते आणि स्टेरॉइड ते लघवीतून घालवते. तिन्ही एकत्र चालू असलेल्या रुग्णात ते इतके उतरू शकते की हृदयाची लय बिघडावी.

ताट, नळी आणि बोटाचा थेंब

जेवण आणि इन्सुलिन यांची वेळ जुळणे ही औषधाइतकीच महत्त्वाची बाब आहे, आणि नेमकी तीच वॉर्डात निसटते. सकाळी इन्सुलिन टोचले जाते, तेवढ्यात रुग्णाला सीटी स्कॅनला नेतात आणि नाश्ता दोन तास लांबतो. कधी ताट समोर येते पण दोन घासांनंतर दम लागून रुग्ण ते सारतो. रुग्ण किती खाईल याची खात्री नसेल तर जेवणाआधीचे जलद इन्सुलिन जेवणानंतर लगेच, खाल्ल्याच्या प्रमाणात देता येते, म्हणून पेशंटने खरोखर किती खाल्ले हे परिचारिकेला सांगणे हे नातेवाइकांचे मोलाचे काम आहे. नाकातून घातलेल्या नळीवाटे अन्न चालू असलेल्या रुग्णाची नळी निघाली किंवा उलटीमुळे अन्न थांबवले, तर आधी दिलेले इन्सुलिन मात्र काम करतच राहते. अशा वेळी डॉक्टर शिरेतून ग्लुकोज सुरू करतात.

भेटायला येणारे शहाळे, मोसंबीचा रस आणि ग्लुकोजची बिस्किटे घेऊन येतात. मधुमेही रुग्णाला रस देण्यात अर्थ नाही, आणि शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियमही भरपूर असल्याने मूत्रपिंडाच्या रुग्णाला ते विचारल्याशिवाय देऊ नये. पण रुग्णाला उपाशी ठेवून साखर कमी करण्याचा प्रयत्न याहून घातक आहे, कारण संसर्गात स्नायू झपाट्याने झिजतात. मऊ भात-वरण, मुगाची खिचडी, अंडे, दही असे प्रथिने असलेले अन्न द्यावे आणि त्याने वाढणारी साखर इन्सुलिनने सांभाळावी, हाच योग्य क्रम आहे. खोकल्याच्या गोड औषधाची धास्ती अनेकांना वाटते. त्याच्या दोन चमच्यांतली साखर एकूण हिशेबात नगण्य असते. पाच टक्के ग्लुकोजच्या ५०० मिलिलिटर सलाईनमध्ये मात्र २५ ग्रॅम साखर असते, तिच्याकडे लक्ष हवे.

काही प्रतिजैविकेही साखर हलवतात. न्यूमोनियात वापरले जाणारे लेवोफ्लॉक्सासिन साखर वर आणि खाली दोन्हीकडे नेऊ शकते, विशेषतः वृद्धांत. याच कुळातल्या गॅटिफ्लॉक्सासिनच्या गोळ्या आणि इंजेक्शने भारतात २०११ मध्ये बंद करण्यात आली. क्लॅरिथ्रोमायसिनमुळे ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांचा परिणाम वाढून साखर उतरू शकते. क्षयरोगाच्या उपचारातले रिफॅम्पिसिन उलट करते: यकृतात या गोळ्यांचा निचरा जलद होऊन त्यांचा परिणाम घटतो. मधुमेह असलेल्यांना क्षयरोग होण्याचा धोका दोन ते तीन पट असल्याने राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमात प्रत्येक क्षयरुग्णाची साखर तपासण्याची तरतूद आहे. या रुग्णांत मधुमेहाच्या औषधांची मात्रा उपचार सुरू होताना आणि संपल्यावर, दोन्ही वेळा बदलावी लागते.

ग्लुकोमीटरचा आकडाही डोळे झाकून मानू नये. रक्तदाब उतरून बोटे थंड पडली असतील किंवा हातांवर सूज असेल तर थेंबातली साखर खरी येत नाही. तीव्र रक्तक्षयात बरीच यंत्रे साखर आहे त्यापेक्षा जास्त दाखवतात, आणि शिरेतून क जीवनसत्त्वाची मोठी मात्रा दिलेल्या रुग्णातही तसेच होऊ शकते. मोसंबी सोललेल्या हाताच्या बोटातून थेंब घेतला तरी आकडा खोटा चढतो. लक्षणे आणि आकडा यांचा मेळ बसत नसेल तर शिरेतले रक्त प्रयोगशाळेत पाठवतात.

घरी जाताना

सुटीच्या कागदावर स्टेरॉइड कमी कमी करत थांबवण्याचे वेळापत्रक असते, पण त्याबरोबर इन्सुलिन किती कमी करायचे हे पुष्कळदा लिहिलेले नसते. प्रेडनिसोलोन ४० वरून २० मिलिग्रॅमवर आले आणि इन्सुलिन तेवढेच राहिले तर घरी रात्री-पहाटे साखर कोसळण्याची दाट शक्यता असते. म्हणून रुग्णालय सोडण्याआधी ही दोन्ही वेळापत्रके शेजारी शेजारी लिहून मागावीत. थांबवलेल्या गोळ्यांपैकी कोणत्या, कधी आणि कोणत्या तपासणीनंतर पुन्हा सुरू करायच्या, हेही विचारून घ्यावे. घरी ग्लुकोमीटर असेल तर स्टेरॉइड चालू असेपर्यंत सकाळी उपाशीपोटी आणि संध्याकाळी जेवणाआधी अशा दोन वेळा साखर पाहून लिहून ठेवावी, आणि ती ७०च्या खाली किंवा सतत ३००च्या वर जात असल्यास पुढच्या भेटीची वाट न पाहता डॉक्टरांना कळवावे.

ज्यांची साखर केवळ आजाराच्या ताणाने वाढली होती त्यांनी सुमारे तीन महिन्यांनी उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी पुन्हा तपासावे, कारण त्यांच्यातील अनेकांना पुढच्या काही वर्षांत मधुमेह होतो. मधुमेही रुग्णाने बरे झाल्यावर दरवर्षी फ्लूची आणि वयानुसार न्यूमोकोकसची लस घेण्याबाबत डॉक्टरांना विचारावे. खासगी दवाखान्यांत दोन्ही मिळतात.